पुलाखालचा मासा

लेकीने माझ्या मोबाईलवर उड्या मारत पळायचा खेळ घालून दिला. त्यातल्या पुलाखालून एका गोल निळ्या माशाने डोकं काढलं. त्याचं हसू बघून मला तो आपल्याच बाजूचा वाटला. मी माझा गडी जवळ नेला आणि त्याने तो गिळला.

लेकीला आलेल्या राहात्याच्या स्थळाला काय कळवायचं, हे बायकोने विचारू नये म्हणून मी रोज खेळात डोकं घालतो. त्यामुळे माशाची चांगली ओळख झाली आहे. तो डोळे मिचकावतो, गाल फुगवतो, मगच झेप घेतो.

परवा मात्र त्याने गाल फुगवलेच नाहीत. कडेला सरकून नुसता हसत राहिला. माझा शेवटचा गडी उरला होता. मी पुलाच्या अलीकडेच थांबलो.

"जा की पुढे," बायको मागून म्हणाली.

"याचा काहीतरी डाव आहे."

तेवढ्यात खेळाची वेळ संपली आणि गडी तिथेच आडवा झाला.

"राहात्याची माणसंही काही मागत नाहीत, म्हणून तुम्ही तिथेही असेच थांबलाय," बायको म्हणाली. "पोरीला मुलगा आवडलाय. आणा तो मोबाईल इकडे, मीच फोन लावते."