रिकाम्या विमानाची पहिली खेप

ओतूरच्या पंचक्रोशीत कुणी नवी गाडी घेतली, तर शोरूमला जाताना बायकोला एकवेळ घरी ठेवतील, पण दादाभाऊंना बरोबर नेतील. तसे दादाभाऊ वडापवाले, जीपमधून माणसांची ने-आण करणारे. त्यांची स्वतःची जीप चढाला लागली की आतली माणसं आपसूक पुढं वाकतात, तेवढीच इंजिनाला मदत. पण हाताला गुण. त्यांनी घरी आणून दिलेला ट्रॅक्टर किंवा टेम्पो वाटेत कधी रुसला नाही.

त्यांचा नेम एकच. नवी गाडी पहिल्या खेपेला रिकामी आणायची नाही. माणसं कमी असली तर उरलेल्या प्रत्येक जागेवर सुपारी ठेवायची. "जागा दिसली की बसणारे बसत्यात," ते म्हणायचे. कोण बसतं ते कुणी विचारलं नाही, त्यांनीही कधी सांगितलं नाही.

त्यांची लेक ऋतिका एका विमान कंपनीत इंजिनिअर. परदेशातल्या कारखान्यातून नवंकोरं विमान ताब्यात घ्यायला तिला जायचं होतं. आत खुर्च्यांमधून दोन बोळ असलेलं, मोठं.

"इंजिन कुणाचं?" जेवताना दादाभाऊंनी विचारलं.

"विमान एका कंपनीचं, इंजिन दुसरीचं. दोन कंपन्यांची इंजिनं बसतात त्याला. कुठलं घ्यायचं यावर आमच्याकडं वर्षभर भांडणं. एक तेल कमी पितं, दुसरं दुरुस्तीला लवकर उतरत नाही. आम्ही कमी पिणारं घेतलं."

"म्हंजी गाडा एकाचा, बैलं दुसऱ्याची. आपल्या शर्यतीत तेच असतंय की. आन् येताना माणसं किती?"

"आम्ही दहा-बारा. बाकी तीनशे खुर्च्या रिकाम्या."

दादाभाऊंचा घास हातातच राहिला. दुसऱ्या दिवशी त्यांनी सुपाऱ्यांची भलीमोठी पिशवी आणून लेकीपुढं ठेवली.

"अप्पा, विमानात सुपाऱ्या मांडत बसले तर मला तिथंच ठेवून येतील," ती हसली. पण बापाचं मन मोडू नये म्हणून पिशवी घेतली. ती गेल्यावर पिशवी दाराआडच्या खुंटीला सापडली.

विमान यायच्या दिवशी तिचा निरोप आला, आपल्यावरूनच मुंबईला उतरणार, दुपार कलल्यावर. दादाभाऊंनी एकही पावणा न घेता जीप काढली आणि थेट खोडद गाठलं. तिथं दुर्बिणीच्या, विमानातूनही दिसतील अशा भल्यामोठ्या तबकड्या आभाळाकडं तोंड करून उभ्या होत्या. विमानात तर आपल्याला चढता येत नाही, पण वर बसलेल्यांना मोकळी गाडी तर दाखवता येते. त्यांनी जीपचं मागलं दार उघडलं, वर बघितलं, आणि उभ्या आयुष्यात दिली तशी हाळी दिली.

"चला, ओतूर, ओतूर. जागा हाय. लगीच निघायचं."

वरून विमान गेलं. आवाज मागाहून आला. शेतातली चिमणीपाखरं गप्प झाली. वारा नव्हता, तरी जीप करकरली. मागचे स्प्रिंगचे पाटे हळूहळू दबत गेले, दबत गेले, आणि टायर चपटे दिसायला लागले. दादाभाऊंनी दार लावलं. आरशात बघायचं टाळलं.

सपाटीलाही जीप पहिल्या गिअरवर रडत होती. नारायणगावाच्या अलीकडं रोजची गिऱ्हाईक गजराबाई भाजीची पाटी घेऊन उभी होती. तिनं हात वर केला, आणि गाडी जवळ येताच खाली घेतला.

ओतूरच्या स्टँडला दादाभाऊंनी दार उघडलं. "उतरा, पावणं. आलं ओतूर." भाडं मागायचं धाडस झालं नाही. पाटे एकेक करत वर आले.

तेवढ्यात फोन वाजला. "उतरलो, अप्पा. पण काहीतरी विचित्रच. रिकामं विमान, आणि भरल्यासारखं तेल प्यालं. मागं कुणीतरी खोकतंय वाटायचं, वळून बघवेना. मग खाली खोडदच्या तबकड्या दिसल्या आणि एकदम मोकळं वाटलं."

"जेवली का तू?" दादाभाऊ एवढंच म्हणाले. ते जीपच्या पायरीवर टेकले.

मागच्या एसटीनं गजराबाई उतरली. "थांबला न्हाई त्ये बरं केलं, भाऊ. उभं ऱ्हायाला तरी जागा व्हती का?"

"वळखीचं कुणी व्हतं?"

"कुठलं? समदी परकी. आन् एकाचं बी तोंड रस्त्याकडं न्हाई. समदी वर बघत व्हती."

पुढं विमान कंपनीत ते इंजिन बदनाम झालं. फार तेल पितं म्हणे. आता पुढची विमानं दुसऱ्या कंपनीच्या इंजिनांची घ्यायची ठरली, आणि ती आणायलाही ऋतिकाच जाणार. त्या इंजिनाचा बिचाऱ्याचा दोष नव्हता, हे एकट्या दादाभाऊंना ठाऊक होतं. पण सांगणार कुणाला?

ते जानकू मिस्त्रीकडं गेले. "मागं दोन्हीकडनं एकेक पाटा वाढव."

"ओझं वाढलंय का, भाऊ?"

"वाढणार हाय," दादाभाऊ म्हणाले. "पोरगी म्हणती, अजून वीस इमानं यायचीत."