मामींच्या आंब्याचं तेल

धूर वाया गेला म्हणून हळहळणारा माणूस साऱ्या महाराष्ट्रात एकच, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. कळंबला त्यांची डाळिंबाची बाग. छाटणी झाली की लोक फांद्यांचे ढीग बांधावर पेटवून मोकळे होतात. मामा मात्र दूध उतू चालल्यासारखे तळमळतात. "अहो, तेल चाललंय वर!" एकदा शेळगावच्या लग्नात मी पंगतीत त्यांची जागा धरून बसलो, तर हे आचाऱ्याच्या चुलीमागं नाक वर करून उभे. "बाभूळ हाय, पर वली हाय," एवढा निकाल देऊन मग जेवायला आले.

पायरोलिसिस हा शब्द त्यांना मीच शिकवला. सणसरला मी जन्मभर रसायनशास्त्र शिकवलं. हवा लागू न देता लाकूड तापवा, निघालेला धूर थंड करा, तेल मिळतं, हे फळ्यावर इतक्यांदा लिहिलं, की आपण ते केलंही आहे असं मला वाटायला लागलं होतं. मामांनी ते खरोखर केलं. जुनं पिंप, घट्ट झाकण, मातीनं लिंपलेल्या फटी, खाली जाळ; पिंपातून निघालेली नळी हौदाच्या पाण्यातून फिरून बाटलीत. थेंब थेंब काळं तेल पडायला लागलं तेव्हा मामा ओरडले, "जावईबापू, तुमी सांगितलं तसंच झालं की!" मलाही त्याचंच आश्चर्य वाटलं होतं, पण मी मास्तरासारखी मान डोलावली.

गेल्या साली मामी गेल्या, आणि त्यांनी दारात लावलेला आंबा पाठोपाठ वाळला. सरपणाला मागणारे आले. मामांनी एक काटकी दिली नाही. "तिचं झाड हाय. त्याचा धूर हुऊ द्यायचा न्हाय. सगळं बाटलीत धरायचं." तुकडे करून त्यांनी पिंप भरलं आणि राखणीला मला बसवलं, कामाला शिकलेला माणूस हवा ना! गाईला पाणी पाजायला जाताना दोनदा बजावलं, "गार हुईस्तवर झाकणाला हात लावू नगा." पण शहाण्याला कोण सांगणार? अर्धी बाटली भरली, थेंब मंदावले, आणि आत काय चाललंय ते बघावं म्हणून मी पोत्यानं धरून झाकण उचललं. हवा आत गेली आणि भक्कन जाळ उठला. माझ्या भुवया गेल्या त्याचं काही नाही, पण मामींचा आंबा धडाधडा पेटला.

मामा धावत आले. मला वाटलं, आता आपली धडगत नाही. पण त्यांनी टोपी काढून हातात धरली आणि धूर बागेवरून दिसेनासा होईपर्यंत बघत राहिले.

"जाऊ द्या, जावईबापू," डोळे पुसत म्हणाले. "ती तरी कवा एका जागी बसली व्हती? बाटलीत कशी बसंल!"

बिनभुवयांचा मी तिथंच ढसाढसा रडलो, आणि माझीच समजूत घालायची वेळ मामांवर आली.

निघताना ती अर्धी बाटली त्यांनी माझ्या पिशवीत ठेवली. "हितं राहिली तर मी रोज हुंगत बसंन," म्हणाले. आता ती माझ्या कपाटात पुस्तकांशेजारी असते. सौ. म्हणते, मामीच्या झाडाचा वास तरी घेऊ द्या एकदा. मी बाटली तिच्या हातात देतो, पण झाकण काही उघडू देत नाही.