जळकी तार

“मूठभर जळकी तार दे वं,” म्हणत गुरुजी माझ्या दुकानाच्या पायरीवर टेकायचे. नांदुऱ्यात मी पंपाच्या मोटारींचं वाइंडिंग करते. जळालेल्या मोटारींतली तांब्याची तार कोपऱ्यात पडून असते. ते एकेक तार बोटाभोवती वळवून पाहायचे. “नवी तार अडून राह्यते. जळकी ऐकते.”

चौथीत त्यांनी आम्हां सगळ्यांना ऐकायला लावलं होतं, निरगुडीच्या फोकानं. सगळ्यात जास्त स्वतःच्या मुलाला. तो माझ्याच वर्गात होता. दहावी होताच घर सोडून गेला, हिमाचलात हॉटेलात लागला.

आईच्या तेरवीला आला तो ओल्या गोणपाटात वीतभर रोप घेऊन. स्प्रूस, सुयांसारख्या पानांचं, थंडीतलं पहाडी झाड. पंगतीदेखत वडिलांपुढे ठेवून म्हणाला, “एक तरी न मारता वाढवून दाखवा, बाबा. मंग येतो मी.”

गुरुजींनी बोन्सायचं पुस्तक मागवलं. उथळ कुंडी घेतली, फांद्यांना तार गुंडाळली. दर रविवारी ती सैल करायचे, नाहीतर सालीत रुतते. “वळण लावाचं, पण वळ नाही उठला पाह्यजे.” हे ते मलाच सांगायचे; त्यांच्या फोकाचे वळ माझ्याही पोटऱ्यांवर उठले होते.

घरात कूलर एकच. उन्हाळ्यात त्याचं तोंड कुंडीकडे आणि गुरुजी डोक्यावर ओला पंचा घेऊन ओसरीत.

“गुरुजी, बाहेर काऊन बसले?”

“मले सवय हाये. त्याले नाही.”

मे संपताना मी तार द्यायला गेले. गुरुजी खुशीत होते. “फोन केला त्याले. हिरवं हाये म्हटलं. शुक्रवारी यून राह्यला.”

ते पाणी आणायला स्वयंपाकघरात गेले, तेवढ्यात मी खोडाची साल नखानं खरवडली. आत तपकिरी, कोरडं. असली झाडं मेल्यावरही काही आठवडे हिरवी दिसतात, हे गुरुजींनीच मला पुस्तकातून वाचून दाखवलं होतं. ते पाणी घेऊन आले. मी प्यायले आणि निघाले.

गुरुवारी दुपारी ते ओसरीत पडलेले सापडले. ऊन लागलं होतं. आत कूलर चालू होता.

मुलगा तेव्हा गाडीत होता. शुक्रवारी उतरला तो थेट स्मशानात. रविवारी राख सावडून आल्यावर कुंडीपुढे बसला. फांदीवरची तार सरकवून सालीवर बोट फिरवलं.

“जगवलं बुढ्यानं,” तो म्हणाला. “वळ बी नाही.”

“नाही,” मी म्हटलं.

कुंडी छातीशी धरून तो स्टेशनला गेला. मी कूलर बंद केला. कुंडीच्या जागी फरशीवर सुया गळल्या होत्या, हिरव्यागार. मी त्या झाडून काढल्या आणि कुलूप लावलं.