घरच्या माणसाची सही

पद्मा सेलूकरला शेवाळाचं वेड होतं. गौलीगुड्यातल्या त्यांच्या घरात खिडकीवर बाटल्या, बाटल्यांत शहरातल्या जुन्या विहिरींचं हिरवट पाणी, आणि आई रोज एकदा तरी विचारणार, "ही घाण फेकून देऊ का गं?" मुलींना कशाकशाचं वेड असतं, हिला याचं.

हे वेड लावलं हिम्मतराव काकांनी. काका नात्यातले नव्हते. बाबांचे शाळेपासूनचे दोस्त, राहायला नल्लकुंट्याला, आणि बायको गेल्यापासून दर गुरुवारी सेलूकरांकडे जेवायला. शिवाय पद्माच्या कॉलेजात वनस्पतीशास्त्राचे प्राध्यापक. म्हणून घरात एक नियम होता: कॉलेजात 'सर', घरी 'काका'. पद्माने तो कधी मोडला नाही. कॉलेजच्या व्हरांड्यात 'काका' ओठांवर आलं की ती ते गिळून टाकायची.

पदवी तीन वर्षांची. पुढे चौथं वर्ष केलं तर ऑनर्स, आणि ऑनर्स मिळाली तर थेट पीएच.डी.ची वाट मोकळी. पद्माला तेच हवं होतं, दुसरं काही नको होतं. चौथ्या वर्षाला अटी होत्या. गुण भरपूर हवेत, ते होतेच. स्वतःचा संशोधनाचा विषय हवा, तोही होता. आणि विभागातल्या एका मार्गदर्शकाची लेखी संमती हवी. एका मार्गदर्शकाला दोनच विद्यार्थी घेता येत.

या संमतीची चिंता घरात कुणीच केली नाही. काकांनी दुसऱ्या वर्षापासूनच सांगून ठेवलं होतं, "जुन्या विहिरींतलं शेवाळ, हा तुझा विषय. चौथ्या वर्षी माझ्याकडे कर." तेव्हापासून पद्मा दोन्ही उन्हाळ्यांत विहिरी पालथ्या घालत होती. पायऱ्या उतरायच्या, पाणी आणायचं, प्रयोगशाळेत बसून स्लाइड बनवायच्या. स्लाइडवर मराठीत खुणा करायची, म्हणजे काकांना चटकन कळावं. अर्धं कपाट तिच्या स्लाइडनी भरलं होतं.

जूनमध्ये विभागातल्या लक्ष्मी मॅडमनी तिला थांबवलं. तेलुगूत मुलींना लाडाने म्हणतात तसं म्हणाल्या, "अम्मा, मेरे पास एक जगह है. आती क्या?"

"नक्को मॅडम," पद्मा हसून म्हणाली, "सर आहेत ना."

"लिखके दिये क्या सर?"

पद्माला तो प्रश्न जरा उद्धट वाटला. तरी घरी येऊन तिने बाबांना विचारलं, संमतीवर काकांची सही आत्ताच घेऊन ठेवू का? बाबा जन्मभर सरकारी कचेरीत दुसऱ्यांच्या सह्या तपासत आलेले. पण ते भडकलेच. "हिम्मतरावाकडे सही मागायची? घरच्या माणसाकडे? मला तोंड दाखवायला जागा राहील का? हौ म्हणाला ना तो, झालं! उगाच परेशान नको होऊ."

पद्माने सहीचा विषय सोडून दिला. आपली माणसं अशीच. परक्याकडून पावतीवर पावती घेतील आणि घरच्याकडे कागद मागायचा म्हटलं की यांना मेल्याहून मेल्यासारखं होतं.

विभागाच्या फलकावर नावं लागली तेव्हा हिम्मतराव सरांच्या नावापुढे दोन नावं होती. एक तिच्याच वर्गातल्या मुलीचं. दुसरं कुलदीपचं. कुलदीपचे वडील कॉलेजच्या संचालक मंडळावर होते आणि कुलदीपने आजवर एकही विहीर वाकून पाहिलेली नव्हती. त्याच्या नावासमोर विषय होता, जुन्या विहिरींतलं शेवाळ.

ती धावत सरांच्या खोलीत गेली. सर चष्मा पुसत होते. "हे बघ पद्मा, तुला घेतलं असतं तर लोक म्हणाले असते, घरच्या मुलीला घेतलं. माझ्या निवृत्तीला थोडे दिवस राहिलेत. तू हुशार आहेस, तुझं कुठेही होईल."

"आणि माझ्या स्लाइड?"

"त्या विभागाच्या आहेत ना गं."

लक्ष्मी मॅडमची जागा केव्हाच भरली होती. मॅडमनी नुसता तिच्या खांद्यावर हात ठेवला. पद्मा जिन्यात बसून रडली. जागा गेली याचं दुःख होतंच, पण विश्वास ठेवला म्हणून आपण मूर्ख ठरलो, हे तिला जास्त लागलं. परक्याने फसवलं असतं तर निदान घरी जाऊन काकांना सांगता आलं असतं.

बाबांनी ऐकलं. म्हणाले, "आता संबंध तोडायचे का इतक्या वर्षांचे? जाऊ दे." हा दुसरा घाव होता.

गुरुवारी काका नेहमीसारखे आले. आईने पान वाढलं, बाबांनी हवापाण्याच्या गप्पा काढल्या. पद्मा वरणाचं भांडं घेऊन आली.

"सर, वरण वाढू?"

बाबांचा घास हातात राहिला. "अगं, घरी आहोत आपण. काका म्हण."

हिम्मतराव हसले. लहान मुलीचा रुसवा काढावा तसं म्हणाले, "रागावली आहे, रागावू दे. बरं पद्मा, एक काम कर. त्या स्लाइडवरच्या तुझ्या खुणा कुलदीपला वाचता येत नाहीत. मराठी कुठे येतं त्याला! रविवारी बोलावतो, जरा बसून समजावून दे. आपलं घरचंच काम आहे."

पद्माने त्यांच्या भातावर वरण वाढलं, नीट, सांडू न देता. भांडं खाली ठेवलं.

"देईन की," ती म्हणाली. "फक्त लेखी मागा, सर. कुलदीपला हव्या असलेल्या स्लाइड कुणी बनवल्या ते त्यात लिहा, आणि खाली सही करा."

हिम्मतरावांनी बाबांकडे पाहिलं. घरच्या माणसाकडे सही मागतात का, असं आता बाबांनी म्हणावं, म्हणून ते वाट पाहत होते.

बाबा उठले, हात धुतले, आणि आतून कागद आणि पेन आणून त्यांच्या पानाशेजारी ठेवलं.