अरुणा-त्रिशला यांतली त्रिशला

मंगळवार पेठेत आमच्या गल्लीत शांतिनाथअप्पांचं घर होतं. त्यांची गुळाची अडत होती आणि त्यांना दोन मुली होत्या, अरुणा आणि त्रिशला. दोघींचे जन्म तेवढे वेगवेगळे झाले होते, सव्वा वर्षाच्या अंतरानं. त्यानंतर मात्र घरानं, शाळेनं आणि गल्लीनं मिळून त्या दोघींची एकच मुलगी करून टाकली. तिचं नाव अरुणा-त्रिशला.

याची सुरुवात अप्पांनी केली. अरुणाला शाळेत घालायची वेळ आली तेव्हा त्यांना वाटलं, आज एकीला न्यायचं, वर्षानं दुसरीला, दोन हेलपाटे कशाला? दोघींना एकाच दिवशी एकाच बाकावर बसवून ते अडतीवर गेले. मास्तरांनी वय विचारलं, तर म्हणाले, "दोगींचं एकच लिवा की. काय फरक पडतोय!"

फरक त्रिशलाला पडला. आई दिवाळीला एकाच ताग्यातलं कापड फाडून आणायची, म्हणून दोघींचे फ्रॉक सारखे. अरुणा उंच झाली की तिचा फ्रॉक त्रिशलाकडे. म्हणजे अबोली फुलांचा फ्रॉक त्रिशलानं आधी स्वतःचा विटेपर्यंत घालायचा, मग अरुणाचा विटेपर्यंत. शेजारच्या विठाबाई एकदा न राहवून तिच्या आईला म्हणाल्या, "अवं, एवढी गुळाची अडत हाय तुमची, पोरीला दुसरा फ्रॉक घ्या की एकादा!"

दोघींच्या वतीनं बोलायचं खातं अरुणाकडे होतं. "आमाला भूक न्हाई," अरुणा म्हणायची, आणि त्रिशलाची भूक जायची. "आमाला झोप आली," की हिला जांभई. कुणी "अरुणा" म्हणून हाक मारली तरी त्रिशला ओ द्यायची. उगाच वाद कशाला!

नववीत शाळेची सहल गगनबावड्याला निघाली आणि नेमकं अरुणाला गालगुंड झालं. पैसे भरलेले होते, म्हणून त्रिशला एकटी गेली. आयुष्यात पहिल्यांदा. गाडीत मुली मोजणाऱ्या पद्मजाबाई शाळेत नव्या होत्या. त्यांनी नाव विचारलं.

"अरुणा-त्रिशला," त्रिशला म्हणाली.

"दोन्ही तूच?"

मुली खिदळल्या. त्रिशलाला कळेना, हसण्यासारखं काय झालं. ते जेवताना कळलं. बाईंनी विचारलं, "शिरा वाढू की लाडू?" त्रिशलानं सवयीनं डावीकडे पाहिलं. डावीकडे भिंत होती. आणि भिंतीला शिरा आवडतो की लाडू, हे कुणालाच माहीत नसतं. पण आपल्याला काय आवडतं हे आपल्यालाही माहीत नाही, हे पोरीच्या तेव्हा ध्यानात आलं. बाईंनी तिच्याकडे पाहिलं आणि दोन्ही वाढलं. "खाऊन बघ आणि सांग." शिरा आवडला. लाडू नाही.

दुपारी घाटाच्या कडेला सगळ्याजणी उभ्या होत्या. खाली कोकणातून ढग चढून आले आणि बघता बघता सगळ्यांना भिजवून गेले. पेठेतून निघताना तर ऊन होतं. "बाई, ह्यो पाऊस आमच्याकडं का येत न्हाई? इथंच का सांडतोय?" असं मोठ्यानं कुणीतरी विचारलं. ते आपणच विचारलं हे त्रिशलाला थोडं उशिरा कळलं. बाईंनी डोंगर, वारा सगळं समजावून सांगितलं. तरी परतीच्या वाटेवर हिचे प्रश्न संपेनात. वाटेत कळे गाव आलं तेव्हा बाई दमून म्हणाल्या, "उरलेलं कॉलेजात विचार गं बाई!"

बाई गमतीनं बोलल्या. हिनं मात्र तो पत्ताच मानला.

घरी आल्यावर तिनं स्वतःची चौकशी सुरू केली. प्रत्येक पदार्थ आधी एकटीनं चाखायचा, मग मत द्यायचं. कारलं आवडतं, दोडका नाही. वेणी एकच, दोन नाहीत. अबोली रंग तर तिला मुळीच आवडत नव्हता, आणि तो तिनं सलग दहा वर्षं अंगावर वागवला होता! आईला वाटलं, पोरीला उष्णता झाली. तिनं सब्जा पाजला. "सब्जा आवडतोय," त्रिशलानं नोंद केली.

अकरावीची, म्हणजे तेव्हाच्या मॅट्रिकची, परीक्षा झाली आणि शिरोळकडचं स्थळ आलं. ऊसमळा, घरंदाज माणसं, आणि दोन सख्खे भाऊ. दोघी दोघांना, एकाच मांडवात. अप्पांना हे स्थळ देवानंच माप घेऊन शिवल्यासारखं वाटलं.

"अप्पा, मला लगीन करायचं न्हाई. मला भूगोल शिकायचाय."

"शिरोळ कुठं हाय ते ठाऊक हाय न्हवं? झाला भूगोल."

"मी कॉलेजात जाणार."

अप्पांचा आवाज खाली आला. "हे बग, त्यांचं बोलणंच जोडीचं हाय. तू न्हाई म्हटलीस तर अक्काचंबी मोडंल. घेतीस डोक्यावर?"

इथं मात्र त्रिशला अडली. स्वतःसाठी भांडायला ती शिकली होती. पण अरुणाअक्काच्या संसारावर पाय देऊन कॉलेजात जायचं? पाहुणे यायच्या दिवसापर्यंत तिनं कारलंसुद्धा खाल्लं नाही.

त्या दिवशी स्वयंपाकघरात अरुणा पोहे परतत होती. जैनांच्या घरचे पोहे, बिनकांद्याचे. आईनं काढून दिलेली साडी ती नेसली होती. तसलीच दुसरी साडी पाटावर घडीतच पडून होती.

"अक्का, मी न्हाई नेसणार. तुजं मोडलं तर मला मार, शिव्या दे, जलमभर बोलू नको. पर मी शिकणार."

बहीण आता रडणार, असं त्रिशलाला वाटलं. अरुणानं कढई दाणकन खाली ठेवली.

"आदी बोलायला काय झालतं? शाळंत बाकावर तू, जेवताना ताटाला ताट लावून तू, अंथरुणात तू. म्हटलं, लगीन झालं की तरी एक घर माजं माजं मिळंल. तर अप्पांनी सासरलाबी तुला संगट बांधली! झोप उडालीया माजी."

त्रिशलाचं तोंड उतरलं. "म्हंजे, मी तुला नको हाय?"

"पाहिजेस की. पर माहेरात. मी चार दिस यीन, तू मला गरम वाढायचं." अरुणानं पदर खोचला. "आता लपू नको. समोर येऊन सांग. न्हाईतर म्हंतील, पोरीत खोट हाय."

दोघी पोहे घेऊन बाहेर आल्या तशी मुलांची आई खड्या आवाजात म्हणाली, "ह्यातली थोरली कंची आन् धाकटी कंची? आमचं काय, कुटलीबी कुणालाबी चालंल!"

"मावशी, मी धाकटी. त्रिशला. मला लगीन न्हाई करायचं, मी कॉलेजात जाणार हाय."

अप्पांनी बशी खाली ठेवली. "पावणं, मनावर घिऊ नका, पोर ल्हान हाय..."

"ल्हान असते तर पावण्यांम्होरं कशाला बशीवलासा, अप्पा?"

मावशींनी मोर्चा अरुणाकडे वळवला. "आन् तू ग? तूबी कॉलेजात?"

"न्हाई. मला मळा आवडतोय. मी यीन. पर एकटी यीन. आमची जोडी न्हाई."

मग थोरला मुलगा श्रीपाल खाली बघून म्हणाला, "आई, मला चालतंय की." धाकट्यानं आणखी पोह्यांसाठी बशी पुढं केली. त्याला कुणी काही विचारलंच नव्हतं. तोही कुणाचा तरी धाकटाच होता.

मावशींनी लेकाकडं पाहिलं, अरुणाकडं पाहिलं आणि शेवटी त्रिशलाकडं पाहत म्हणाल्या, "एका मांडवाचं दोन केलंस की ग, भवाने." पण सुपारी फुटली.

अरुणाचं लग्न होऊन मांडव उठला, निकाल लागला. एके सकाळी अप्पा नवी टोपी घालून धाकटीबरोबर कॉलेजात जाऊन आले आणि तिथून थेट अडतीवर गेले. सौद्याला आलेल्या हंबीररावांनी विचारलं, "काय अप्पा, धाकटीचं कवा?"

"शिकतीया ती. भूगोल."

"भूगोल? आन् ते शिकून काय करणार?"

अप्पांनी गुळाच्या ढेपेवरची माशी हाकलली. "मला काय ठाऊक? तिला ठाऊक हाय. बास की!"