नाडी संथ का चालत होती

नोकरीत खून-दरोडे पुष्कळ पाहिले, पण उसाच्या बांधावर पडलेला तो माणूस मी विसरू शकलेलो नाही. सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी शिरूर ठाण्यात फौजदार होतो. त्या सकाळी तळेगाव ढमढेऱ्याच्या आठवडे बाजाराला बंदोबस्तावर असताना एक शेतकरी सायकलवरून आला.

"सायेब, आमच्या बांधावर एक माणूस पडलाय. शुद्धीवर हाय, पर उठंना."

माणूस तिशीचा, ट्रकवर ऊस भरणारा. अंगावर मोठी जखम नव्हती, दारूचा वास नव्हता. छातीखालचं अंग मात्र लुळं पडलेलं. सरकारी दवाखान्यात मी जबाब घेतला. तो एवढंच म्हणाला, "चालताना ठेच लागली, पडलो."

दुपारी खबऱ्याने कळवलं, की दौंडच्या मेव्हण्याशी त्याचं जमिनीवरून वाजलं होतं. त्यानेच मारहाण करून टाकलं असणार. मेव्हणा ट्रक ड्रायव्हर होता. दौंडहून त्याला ठाण्यात आणवलं.

इकडे डॉक्टर म्हणाले, "प्रेशर फार खाली आहे, तरी नाडी संथ. आत रक्त जात असतं तर नाडी धावली असती, अंग गार पडलं असतं. याचे पाय गरम आणि कोरडे आहेत. मणक्याच्या आत मज्जारज्जूला मार बसलाय. रक्तवाहिन्या आवळायचा हुकूम खाली पोचत नाही, म्हणून त्या सैल पडल्यात. हृदयाला धावायचा हुकूमही पोचत नाही, म्हणून नाडी संथ. ठेच लागून असं होत नाही. उंचावरून पडलाय. आणि पडल्यावर हा एक पाऊलही चाललेला नाही."

म्हणजे त्याला कुणीतरी उचलून आणलं होतं.

मेव्हणा मान खाली घालून बसला होता. मी आवाज चढवला नाही. "तुझे दाजी तुला वाचवायला खोटं बोलताहेत. ते कसे पडले हे डॉक्टरांना कळायला हवं."

त्याने मान वर केली. मग म्हणाला, "दाजी ट्रकातल्या उसावर बसलं व्हतं सायेब. मी गाडी जोरात हाणली. फांदी लागून खाली आलं. पोलिसांच्या भ्यानं बांधावर ठिवलं. पर गेलो न्हाई. सायकलवाला थांबंपतुर उसात बसून व्हतो."

जमिनीचं भांडण आणि हा अपघात यांचा काही संबंध नव्हता. गुन्हा नोंदवला तो बेदरकार वाहन चालवल्याचा. जखमीला फळीवर पाठ ताठ बांधून पुण्याला हलवलं. त्याची बायको रडली नाही. डॉक्टरांना विचारलं, "पाय कायमचं गेलं का?"

"आत्ताच सांगता येणार नाही, बाई. अशा धक्क्यात मज्जारज्जू काही दिवस मुकाच असतो. धक्का ओसरला की खरी इजा कळेल."

"मग थांबते मी. भावाचं नंतर बघीन."

काही आठवड्यांनी उजव्या पायाचा अंगठा हलला. मेव्हण्याने कोर्टात गुन्हा कबूल केला, शिक्षा भोगली आणि सुटल्यावर दाजींना रोज धरून चालवायचं काम अंगावर घेतलं. पुढे दौंड स्टेशनबाहेर ते दोघे मला भेटले. दाजी काठी टेकत स्वतःच्या पायांवर उभे होते.

या प्रकरणातून दोन गोष्टी शिकलो. एक, लुळं पडलेलं अंग पाहून माणसाचा हिशेब लगेच मिटवू नये. दुसरी अधिक महत्त्वाची. तो ड्रायव्हर दुष्ट नव्हता. त्याला दवाखान्याच्या गरजेपेक्षा आमची भीती मोठी वाटली. पुढे ज्या ठाण्यात गेलो तिथे शिपायांना पहिल्या दिवशी बजावत असे: जखमीला घेऊन कुणी दारात आला, तर आधी त्याला बसायला द्या, पाणी द्या. नाव-गाव मग विचारा.