कावेरीबाईंचा सोमवार

२००१ सालच्या एका मंगळवारी, परळीच्या कावेरीबाईंच्या छापखान्यात मी, सॉफ्टवेअर विकणाऱ्याने, त्यांना न विचारता सर्व्हरवर नवं सॉफ्टवेअर चढवलं आणि लग्नपत्रिकांतल्या सगळ्या मराठी अक्षरांचे चौकोन झाले. ऊसतोडीहून परतलेल्या अकरा घरांच्या पत्रिका संध्याकाळी द्यायच्या होत्या.

"साहेब, तुमच्या नव्या सॉफ्टवेअरात नवरीला नावच न्हाई का?" म्हणत बाईंनी आतल्या खोलीतला जुना कॉम्प्युटर चालू केला. दर सोमवारी छापखाना बंद असला, की त्या सर्व्हरवरच्या कामाची नक्कल त्यावर उतरवून घेत. नुसत्या नकलेवर त्यांचा भरवसा नव्हता. तिच्यातली एक पत्रिका छापून पाहत आणि ती वैजनाथाच्या पायरीवर ठेवून येत. इतकी परक्यांची आमंत्रणं दुसऱ्या कुठल्या देवाला आली नसतील.

त्याच जुन्या कॉम्प्युटरवरून छापलेले अकराही गठ्ठे संध्याकाळी रवाना झाले. मला बोलणी बसली नाहीत, उलट चहा मिळाला. तेवढ्यावर माझ्यातला विक्रेता पुन्हा जागा झाला.

"बाई, जुन्या सॉफ्टवेअरला कंपनी आता विचारणार नाही. नवं कधी घेताय?"

"लग्नं सरून ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यावर गेल्या की आधी याच जुन्या डब्यावर चालवून दावा, तवर हात खिशात ठेवा."